लाळेऱ्यावरचा लाल डाग

मित्रांनो, आधी एकदा नाक मुरडून घ्या. मला पाहिल्यावर सगळेच मुरडतात, त्यामुळे मला राग येत नाही. मुरडलंत? आता ऐका.

ओट्याखालच्या खिळ्याला जे पिवळट, एका कोपऱ्यात उसवलेलं फडकं लटकतंय, ते मी. आज माझ्यावर दूध उतू गेलेल्या शेगडीची खरवड आहे, चहाचा चोथा आहे, आणि काल माझ्या घडीत एक झुरळ मुक्कामाला होतं. पण मी जन्माने फडकं नाही. मी एक जुनं लाळेरं आहे.

लाळेरं म्हणजे बाळाच्या गळ्यात बांधतात ते कापड. तुमच्याही गळ्यात कधीतरी एखादं होतं. तुम्ही त्यावर काय काय केलंत ते त्या बिचाऱ्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी मात्र सांगणार आहे, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं आहे आणि पोटात ठेवून ठेवून मला मळमळायला लागलंय.

खरं तर माझं मूळ चांगलं खानदानी आहे. लाळेरं होण्याआधी मी एक एप्रन होतो. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये अप्पा मुख्य आचारी होते. एकतीस वर्षं मी त्यांच्या कमरेला होतो. सकाळी जिरं तडतडलं की पहिला वास मला यायचा. हळदीचा हात अप्पा मलाच पुसायचे. धुऊन धुऊन माझं जाडं कापड सायीसारखं मऊ झालं. अप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला घडी करून कपाटात ठेवलं, आणि मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य.

पण अप्पांच्या सुनेला दिवस गेले. तिला आपण आईच म्हणू या, कारण ती लवकरच आई झाली आणि त्यानंतर दुसरं काही होण्याची तिने स्वतःला फुरसतच दिली नाही. आईने तीन दुकानांतली लाळेरी उलटसुलट करून पाहिली. एकात नायलॉन होतं, एकाचा रंग जाईल असं वाटत होतं आणि एकाचं बटण बाळ गिळेल अशी भीती होती. शेवटी अप्पांनी मला कपाटातून काढून तिच्यापुढे धरलं.

आईने मला नाकाशी नेलं. "अप्पा, याला मसाल्याचा वास येतोय."

"येणारच. एकतीस वर्षं काय अत्तर लावत होतो?"

आईने मला उकळत्या पाण्यात घातलं. पाणी पिवळं झालं. ते ओतून तिने मला पुन्हा उकळलं. मग दोन दिवस उन्हात वाळवून, कागदावर आकार काढून, स्वतःच्या हाताने मला कापलं आणि शिवलं. टाके वाकडे होते, पण एकही सैल नव्हता. मी पांढराशुभ्र झालो. अंगातला जुना वास जवळजवळ सगळा गेला. जवळजवळ म्हणतोय, हे लक्षात ठेवा.

मग गोटी आली. जन्मली तेव्हा इतकी गोल होती की अप्पांनी तिला पाहताक्षणी गोटी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. पहिले सहा महिने माझं बरं चाललं. लाळ गळायची, दुधाची गुळणी यायची. त्याला आंबूस वास येतो, पण तेवढं माणूस सहन करतो, तसं कापडही करतं.

सहावा महिना संपला आणि माझे हाल सुरू झाले.

आईने फ्रीजवर एक तक्ता चिकटवला. कुठल्याशा वेबसाइटवरून काढलेला होता. मीठ नको, साखर नको, तिखट नको, मसाल्याचा तर वाराही नको. आई रसायनशास्त्राची पदवीधर. लिहिलेलं असलं की ते ती अक्षरशः पाळायची, आणि लिहिलेलं नसलं की आणखी घाबरून दुप्पट पाळायची. दर रविवारी ती भोपळा उकडायची, गाजर उकडायची, डाळ-तांदूळ शिजवायची. मग मिक्सर. मग गाळणी. एक गुठळी घशात अडकली तर? म्हणून पुन्हा गाळणी. घोटून घोटून त्या भोपळ्याचा प्राण गेला की उरलेलं प्रेत बर्फाच्या ट्रेमध्ये भरायची आणि आठवडाभरासाठी फ्रीजरमध्ये ठेवायची. जेवायच्या वेळी दोन चौकोन काढायचे, गरम करायचे, की झालं.

त्याच फ्रीजरमध्ये मासळीची एक पिशवी होती. सोललेल्या लसणाची उघडी वाटी होती. कागदात अर्धवट गुंडाळलेली एक कांद्याची फोड कधीपासून होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मित्रांनो, त्या सगळ्यांचा वास त्या चौकोनांत आठवडाभर मुरायचा. गरम केलं की वाटीतून जी वाफ निघायची तिला काय म्हणू? ओला पुठ्ठा माशाखाली ठेवून विसरावा, तसला तो वास. रंग पार उडालेला. हात लावला तर चिकट, थंड झाला तर बुळबुळीत.

आणि ते सगळं कोणाच्या अंगावर? माझ्या.

गोटी पहिला चमचा तोंडात घ्यायची, तोंड कडू झाल्यासारखं आक्रसायची, आणि फुर्र! दुसरा चमचा गालात धरून ठेवायची आणि मग जिभेने हळूहळू बाहेर ढकलायची. तो लगदा लाळेत कालवून, कोमट होऊन, हनुवटीवरून माझ्यावर ओघळायचा. तिसऱ्या चमच्याला ती हात मारायची. मी शिसारीने शहारायचो. एकेकाळी ज्याच्यावर जिऱ्याची फोडणी उडायची, त्याच्यावर आता हे! मला बोलता आलं असतं तर मी एकच विचारलं असतं: बाई, तू हे एकदा तरी जिभेला लावून पाहिलंस का?

नव्हतं पाहिलं. तिथंच तर सगळी गोम होती. मोठ्या माणसाच्या लाळेतले जंतू बाळाला जातात, असं आईने वाचलं होतं. म्हणून गोटीचं अन्न उष्टं होता कामा नये. ते गरम आहे की गार, हे ती मनगटावर थेंब टाकून बघायची. चव बघायला मनगटाला जीभ नसते, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

आठव्या महिन्यात दवाखान्यात वजन केलं. काटा दोन महिन्यांपूर्वी होता तिथेच होता. डॉक्टरीणबाईंनी आईकडे पाहिलं. "पंधरा दिवस बघू. तरीही वाढलं नाही, तर रक्त काढून तपासावं लागेल."

आईने गोटीचं मनगट बोटांत धरलं. इवलंसं ते, त्यात सुई कुठे घालणार? मी गोटीच्या गळ्यात होतो. आईच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. त्या दोन महिन्यांत माझ्यावर पडलेली तेवढी एकच स्वच्छ गोष्ट.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "सूनबाई, माझं ऐकशील का? तिला डाळ दे आपल्यातली. चिमूटभर हळद, जरा जिरं."

"अप्पा, आठ महिन्यांचं बाळ आहे ते. तुमच्या कँटीनमधला कामगार नाही."

"कामगारसुद्धा हे खाणार नाही. दाराबाहेर संप करतील."

"अप्पा, थट्टा नकोय मला! तिच्या पोटात आग पडली, तर रात्री उठून तुम्ही बघणार आहात का? माझ्या मुलीला मसाला द्यायचा नाही. शपथ आहे माझी."

अप्पा शेगडीवरच्या आपल्या डाळीकडे वळले. 

तीन दिवसांनी आईला ताप भरल्यासारखं झालं. दुपारी गोटीला अप्पांच्या मांडीवर देऊन, "दोन वाजता चौकोन गरम करून द्या, दोनच, आणि मनगटावर बघून," असं तीनदा सांगून ती आडवी झाली.

दोन वाजले. अप्पांनी चौकोन गरम केले. नाकाशी नेले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला खात्री आहे, त्या क्षणी आम्हा दोघांच्या मनात एकच शब्द आला. शी!

शेगडीवर त्यांची स्वतःची डाळ शिजत होती. आता त्यांची एक सवय सांगतो. कँटीनमध्ये रक्तदाबाचे, पोटदुखीचे बरेच कामगार असायचे. म्हणून मीठ आणि तिखट घालण्याआधी अप्पा थोडी डाळ बाजूला काढायचे. तिला ते पथ्याची वाटी म्हणायचे. निवृत्त होऊनही हात विसरले नव्हते. घरात पथ्याचं कोणी नसतानाही ते रोज ती वाटी काढायचे आणि शेवटी स्वतःच पिऊन टाकायचे. त्या दिवशी वाटीत होती हळदीची मऊ पिवळी डाळ, आणि तुपात परतून कुटलेल्या जिऱ्याची चिमूट. बस, एवढंच.

अप्पांनी आधी एक चमचा स्वतः चाखला. तो चमचा बाजूला ठेवला, दुसरा घेतला. फुंकर मारली.

गोटीने तोंड वेडंवाकडं केलं. एक डोळा मिटला. अंगातून एक शिरशिरी गेली. मी दोन्ही पदर आवळून बसलो: आला, आता आला लगदा!

नाही आला. गोटीने जीभ टाळ्याला लावून बघितली. मग पुढे वाकली, दोन्ही हातांनी अप्पांचं मनगट धरलं आणि आऽ केलं.

"अगं हो, हो! भांडं खाशील आता," अप्पा हसत म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

वाटी संपली. मित्रांनो, माझ्या वाट्याला फक्त एक थेंब आला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आणखी थोडं सांडलं असतं तरी चाललं असतं. तो थेंब अंगात मुरला आणि उकळून उकळून उरलेला माझा जुना वास आतून जागा झाला.

पण अप्पांचा चेहरा उतरला. पांढऱ्याशुभ्र लाळेऱ्यावर मध्यभागी पिवळाजर्द डाग! सुनेने शपथ घातली होती. त्यांनी मला पाण्याखाली धरलं, चोळलं, डाग जागचा हलेना. शेवटी त्यांनी मला धुण्याच्या बादलीत अगदी तळाशी कोंबलं, वर दोन चादरी टाकल्या आणि गोटीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारू लागले. पोट भरलेली गोटी पाच मिनिटांत झोपली. इतकी गाढ ती कधीच झोपली नव्हती.

संध्याकाळी पाचला आई उठली. ताप नव्हता, पण स्वस्थ बसणं तिला ठाऊक नव्हतं. तिने धुण्याची बादली ओढली. बाळाच्या कपड्यांचं पातळ साबणाचं पाणी संपलं होतं, म्हणून मोठ्यांच्या कपड्यांची साबणाची वडी घेतली. न्हाणीघरात उजेड कमी. तळातून मी हाताला लागलो. सवयीने तिने वडी माझ्यावर खसाखसा घासली.

आणि माझ्या छातीवरचा पिवळा डाग आईच्या डोळ्यांदेखत लाल झाला. लालभडक, कडेने पसरणारा.

"अप्पा! रक्त!"

ती मला तसंच मुठीत धरून धावली. गोटी अजून झोपलेलीच. आईने तिचं तोंड उघडून पाहिलं, नाक पाहिलं, हिरड्या पाहिल्या. गोटी कुरकुरली, वळली आणि पुन्हा झोपली.

"ही अशी सुस्त का पडलीये? तीन तास झाले! अप्पा, ही उठत का नाहीये?"

"सूनबाई, ऐक. ते रक्त नाही. हळद आहे ती. मी दिली डाळ तिला. साबण लागला की हळद लाल होते गं. एकतीस वर्षं एप्रन धुतलाय मी."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला माझा डाग लपवावासा वाटला. "हळद पिवळी असते, अप्पा. मला डोळे आहेत. म्हणजे तुम्ही दिलंत! शपथ घालूनही दिलंत, आणि माझ्या मुलीच्या पोटातून रक्त आलं!"

 आईने मला एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, पुरावा म्हणून. गोटीच्या सामानाची बॅग उचलली. त्यात संध्याकाळचे दोन चौकोन गरम करून डबीत घातलेले, वेळ झाली तर हाताशी असावेत म्हणून. एवढ्या धांदलीतही ते ती विसरली नाही. रिक्षाभर अप्पा एका कडेला अंग चोरून बसले होते. आईने गोटीला त्यांच्यापासून दूर, दुसऱ्या खांद्यावर धरलं होतं. पिशवीत साबण, लाळ आणि भीती यांच्या वाफेने मी गुदमरत होतो.

डॉक्टरीणबाईंनी गोटीला तपासलं. तेवढ्यात गोटी जागी झाली आणि त्यांच्या गळ्यातली नळी तोंडात घालून चोखू लागली. बाईंनी पिशवी उघडली. मला बाहेर काढलं, उजेडाशी नेलं आणि चक्क वास घेतला.

"याला साबण लावलात का?"

"हो, पण..."

बाईंच्या टेबलावर बिनदुधाचा चहा होता आणि बशीत लिंबाची फोड. त्यांनी ती माझ्या छातीवर पिळली. आंबट, थंड, झोंबरं पाणी! पण ते जिथे जिथे गेलं तिथे तिथे लाल पळालं आणि पिवळं परत आलं.



"तुमचं शिक्षण काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"रसायनशास्त्र," आई पुटपुटली. मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या वर्षाला हाच प्रयोग होता. हळदीचा कागद. साबणात लाल, लिंबात पिवळा. मला पैकीच्या पैकी मिळाले होते." 

बाई हसल्या नाहीत. त्या अप्पांकडे वळल्या. "किती खाल्लं हिने?"

"वाटी चाटूनपुसून. मीठ-तिखट नव्हतं त्यात. आईशप्पथ."

"चिमूटभर हळद, जिरं चालतं या वयात. एका वेळी एकच नवी गोष्ट, दोन-तीन दिवस लक्ष ठेवून. पण घरात चोरून नको, आजोबा. हिच्या आईला ठाऊक असायला हवं." मग त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही काय देता एरवी?"

आईने डबी पुढे केली. बाईंनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "तुम्ही चव बघा."

"पण उष्टं..."

"दुसरा चमचा आहे ना? बघा."

आईने चमचाभर तोंडात घातलं. मी टेबलावरून तिचा चेहरा पाहत होतो. आधी काही झालं नाही. मग तिचं तोंड आक्रसलं. एक डोळा मिटला. हुबेहूब गोटी! गाल फुगले, घशातून विचित्र आवाज आला, ती हाताने चाचपडू लागली, आणि जे पहिलं कापड हाताला लागलं त्यात तिने ते थुंकून टाकलं.

ते कापड कोणतं होतं, हे सांगायला नकोच. लिंबाच्या पाण्यावर तो लगदा! त्या दोन महिन्यांतला सगळ्यात किळसवाणा घास तोच, आणि एवढ्या घासांतला तोच एक मी आनंदाने झेलला.

"दोन महिने," आई तोंड पुसत म्हणाली, "दोन महिने मी हे तिच्या तोंडात कोंबतेय." मग ती रडू लागली.

अप्पा उठले. "सूनबाई, चूक माझीही आहे. सांगून द्यायला हवं होतं."

"सांगितलं असतंत तर दिलं असतं का मी?"

"नसतं दिलंस."

"मग?" नाक ओढत आईने गोटीला अप्पांच्या हातात दिलं. "घ्या. आणि जिरं किती घातलं होतं ते नीट सांगा. चिमूट म्हणजे किती? दोन बोटांची की तीन?"

त्या संध्याकाळी सगळे चौकोन कचऱ्यात गेले. फ्रीजरमधून मासळी, लसूण आणि ती पुराणी कांद्याची फोडही गेली. फ्रीजवरच्या तक्त्याच्या कडेला आईने आपल्या अक्षरात लिहिलं: आधी आपण चाखायचं, वेगळ्या चमच्याने. पथ्याची वाटी आता रोज दोघं मिळून काढू लागली. पंधरा दिवसांनी काटा दोनशे चाळीस ग्रॅम पुढे गेला. सुई लागली नाही.

म्हणून माझे हाल संपले असं समजू नका. धण्याची पूड गोटीला आवडली नाही, ती माझ्यावर. दुधीभोपळा कशातही घाला, माझ्यावर. केळं तर तिने केवळ गंमत म्हणून माझ्यावर पसरलं, आणि केळ्याचा वाळलेला डाग म्हणजे काय घाण असते ते मला विचारा. पण ज्याला चव आहे ते थुंकलेलं आणि ज्याला चव नाही ते थुंकलेलं, यांत फरक असतो. इतकं मी अनुभवाने सांगू शकतो.

मग गोटी मोठी झाली, आणि मी खिळ्यावर आलो. आधी भांडी पुसायला, मग ओटा पुसायला, मग ओट्याखालचं काहीही पुसायला. गोटी आता सात वर्षांची आहे. मला दोन बोटांच्या चिमटीत धरते आणि म्हणते, "शी! आई, हे घाण फडकं टाकून दे ना." आई माझ्याकडे बघते, छातीवरच्या पिवळ्या डागाकडे बघते आणि म्हणते, "राहू दे गं." धुवत मात्र नाही. तेवढीच माझी तक्रार आहे.

परवाची गोष्ट. अप्पांचे उरलेले दात काढले. आठवडाभर मऊच खायचं. आईने भात-डाळ शिजवली, घाईत मिक्सरमधून फिरवली, वाटी गोटीच्या हातात दिली आणि म्हणाली, "अप्पांना भरव, सांडू नकोस."

गोटी अप्पांसमोर बसली. त्यांच्या सदऱ्यावर सांडेल म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खिळ्यावरून मला ओढलं. नाक मुरडलं. मला नळाखाली धरून साबणाने स्वच्छ घासलं. डाग लाल झाला, तशी ती ओरडली. आईने लिंबाची फोड पुढे केली. मग माझ्या नाड्या अप्पांच्या गळ्याला पुरेनात, तेव्हा तिने मला त्यांच्या कॉलरला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवलं.

इतक्या वर्षांनी मी पुन्हा अप्पांच्या अंगावर होतो. त्यांनी मला ओळखलं. बोटाने डाग चाचपला आणि बोळकं पसरून हसले.

गोटीने चमचा भरला. आणि अप्पांच्या तोंडाशी नेण्याआधी, कोणी न सांगता, दुसऱ्या चमच्याने स्वतः चाखून पाहिलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"शी! आई, यात जिरं कुठंय?"

मित्रांनो, मला आणखी काही नको. लाळेरं असो की फडकं, वापरलंत की धुऊन टाका आणि हळदीचा डाग लाल झाला तर घाबरण्याआधी लिंबू आठवा. आणि कधी कोणाला घास भरवाल, बाळाला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, तर तो आधी आपल्या जिभेवर ठेवून बघा. जो घास तुम्हाला गिळवत नाही, तो त्यांच्या तोंडातून शेवटी माझ्यासारख्याच कोणाच्या तरी अंगावर येतो. आणि आम्हालाही किळस येते हो.